मानीबाईची चूळ

मागच्या खोलीतली नवी भाडेकरू काहीच चावून खात नाही, हे कुंदाबाईंच्या लक्षात आलं ते भाजलेल्या कणसावरून. श्रावण लागला होता, आर्णीच्या बाजारात कणसांचे ढीग लागले होते, आणि निखाऱ्यावर भाजून तिखट-मीठ-लिंबू चोळलेल्या कणसाला नाही म्हणणारा माणूस कुंदाबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. शाल्मलीने मात्र ओढणीचं टोक तोंडावर धरलं आणि नुसती मान हलवली.

"नको काकू. मला नाही चालत."

"बरं, पेरू आहे घरचा. कापून देऊ?"

"नको."

"शेंगदाण्याची चिक्की?"

चिक्कीचं नाव काढताच पोरगी दोन पावलं मागे सरकली.

"अवं मग तू खाते तरी काय?"

"वरण-भात," ओढणीच्या आडून उत्तर आलं. आवाज मोठा चमत्कारिक होता, जिभेला आत काहीतरी अडत असल्यासारखा. मग दार लागलं, आणि कुंदाबाई हातात गरम कणीस घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. ते शेवटी त्यांनीच खाल्लं.

आता भाडेकरू काय खाते, याच्याशी घरमालकिणीला काय करायचं आहे, असं कुणी म्हणेल. पण कुंदाबाईंचा सगळा डाव या एका पोरीवर लागला होता. मुलगा पियूष पुण्यात. वडील गेल्यापासून त्याचा एकच धोशा, आई, तू एकटी राहू नको. कुंदाबाई एकदा पुण्याला राहूनही आल्या होत्या. तिथे सून गुंजन प्रेमळ, फ्लॅट ऐसपैस, पण दिवसभर दारावर कुणी येऊन "बाई, हायेत का घरात" म्हणून हाक मारत नाही. खिडकीतून खाली पाहिलं तर माणसं मुंग्यांएवढी. कुंदाबाई पंधरवड्यात परत आल्या. शेवटी मायलेकरांत तह झाला. मागच्या खोलीत धड भाडेकरू टिकला तर आई आर्णीत, नाहीतर घर विकून आई पुण्यात. त्यानंतरचे दोन भाडेकरू टिकले नव्हते. एकाची बदली झाली, दुसऱ्याचं लग्न झालं. शाल्मली मूळची राळेगावची, कृषी खात्यात नुकतीच लागलेली. ही गेली की पियूष सामानाचा ट्रक घेऊनच येणार होता.

भाडेकरू का टिकत नाहीत याचं शेजारच्या मथुराबाईकडे वेगळंच कारण होतं. मागच्या अंगणात एक जुनी विहीर होती, वर पत्रा टाकलेली. कुंदाबाईंच्या नवऱ्याने ही जागा घेतली त्याच्या कितीतरी आधी तिथे मानीबाई नावाची म्हातारी राहायची. रोज दिवे लागायच्या वेळेला ती विहिरीच्या काठावर पाठमोरी बसून राखुंडीने दात घासायची आणि मोठ्याने चूळ भरायची. म्हातारी वय होऊन सुखाने गेली. पण चूळ मात्र गेली नाही, असं मथुराबाईचं म्हणणं.

"आमची सासू ऐके बाई रोज," मथुराबाई सांगायची. "दिवेलागन झाली का गुळगुळ, गुळगुळ, अन् मंग थू. इहिरीतून."

"बेडूक असते तो," कुंदाबाई म्हणायच्या.

कुंदाबाईंनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. साध्या पाण्याचं रक्त कसं होतं, ते हळद आणि चुना वापरून त्यांनी पोरांच्या पिढ्यांना करून दाखवलं होतं. गावात कुणाच्या अंगात आलं की लोक आधी कुंदाबाई कुठे आहेत ते पाहत आणि मगच घुमायला लागत. अशा बाईने भुताला भ्यायचं म्हणजे अब्रूचाच प्रश्न.

पण कणसानंतरच्या आठवड्यात, संध्याकाळी, कुंदाबाई भाजीला फोडणी देत होत्या आणि मागून आवाज आला. घर्रर्र. जाड पंखाचा भुंगा डब्यात कोंडावा तसा. तो थांबला. मग पाणी घोळवल्याचा आवाज, बराच वेळ, गुळगुळ, गुळगुळ, आणि शेवटी थू. आणि हे सगळं विहिरीच्या पत्र्याखालून, खोल घुमत आलं. कुंदाबाईंच्या हातातली मोहरी फोडणीत न पडता ओट्यावर सांडली. त्यांनी स्वतःला बजावलं, की बेडूक आहे. पण बेडूक थुंकत नाही, हे विज्ञानाच्या बाईला माहीत होतं.

सकाळी त्या धुण्याच्या दगडापाशी गेल्या. मागच्या खोलीला नळ नव्हता, दोघींचं धुणं-भांडी विहिरीजवळच्या याच दगडावर व्हायची. दगडाच्या खळग्यात पाणी साचलं होतं आणि ते गुलाबी होतं. हळद-चुना, कुंदाबाईंच्या मनात पहिलं आलं. त्यांनी बोट बुडवलं, वास घेतला. हळद नव्हती, चुना नव्हता. त्यांनी घाईने बादलीभर पाणी ओतून दगड धुतला, आणि धुतल्यावर वाटलं की आपण कायले एवढी घाई केली.

पुढे रोज काहीतरी सापडू लागलं. दगडाच्या फटीत रबराच्या बारीक कड्या, मुंगीच्या कंबरेला बसतील एवढ्या. एक काळीभोर केसाळ काडी, टोकाला तार पिळलेली. आणि एके दिवशी पांढऱ्या मऊ पदार्थाची वाटाण्याएवढी गोळी, तिच्यावर बोटाचा ठसा. ती गोळी नेमकी मथुराबाईनेच उचलली, ती कढीपत्ता मागायला आली होती.

"बाई, हे मेन हाय." मथुराबाईने गोळी नाकाशी धरली आणि लगेच टाकली. "कोनी पुतळी करून राह्यलं."

"मेणबत्तीचं असन. लाइन जाते ना रोज."

"मेनबत्तीले बोटं लावून कोन गोळ्या वळते?" मथुराबाईने खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते पोट्टी जेवते काय वो? मी त कधी पाह्यलं नाई. हासतबी नाई."

"वरण-भात खाते," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांच्याच कानांना ते खरं वाटलं नाही.

हसत नाही हे खरंच होतं. दिवसा शाल्मली गाडीवर जायची तेव्हा तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. घरी आली की ओढणी. बोलताना तोंडावर हात. कुंदाबाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, आणि ही गोष्ट त्यांनी पियूषपासून लपवून ठेवली होती, कारण तेवढं निमित्त त्याला ट्रक आणायला पुरे झालं असतं. त्यामुळे त्यांना समोरचं सगळंच धुक्यातलं दिसायचं. पण एका संध्याकाळी पोरगी अंगणात शिंकली, हात बाजूला झाला, त्याच क्षणी वीज चमकली, आणि तिच्या तोंडात वरच्या ओळीत काहीतरी पांढरंफटक लखलखलं. माणसाचे दात असे चमकत नाहीत. कुंदाबाई आत गेल्या आणि दाराला कडी घालून बसल्या.

भाडेकरू पळून जाऊ नये म्हणून लोक भूत लपवतात. कुंदाबाईंवर भाडेकरूच भूत असल्याची पाळी आली होती, आणि तिला घालवायचंही नव्हतं. घालवलं की पुणे. म्हणून त्या जपून उपाय करू लागल्या. बाजारात लिंबं घेताना भाजीवाल्याला न विचारता सांगितलं, "सरबताले पायजेत." एक लिंबू शाल्मलीच्या उंबऱ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मोहरी ओवाळून दारापाशी टाकली. तिसऱ्या दिवशी निखाऱ्यावर मिरच्या घालून खोलीला फेरी मारली, आणि आतून शाल्मलीचा खोकला ऐकू आला तेव्हा डासांसाठी धूर केला म्हणून सांगितलं. हे सगळं करताना त्या तोंडाने न्यूटनचे नियम पुटपुटत होत्या. दुसरं काही पाठ नव्हतं.

अशात पियूषचा फोन आला. "पोळ्याले येतो आई. संध्याकाळी पोचतो. त्या भाडेकरू पोरीशीही बोलतो, अन् मग काय ते फायनल करून टाकू."

"तिच्याशी काय बोलायचं? पोळ्याले ती गावाला जाते," कुंदाबाई म्हणाल्या. शाल्मलीने तसं सांगितलंच होतं, आणि कुंदाबाईंना एवढं हायसं कधी वाटलं नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी घराघरांच्या दाराशी पळसाच्या डहाळ्या उभ्या राहतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उचलायचे, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" असं ओरडत शिवेवर नेऊन टाकायचे, घरातलं वाईट असेल नसेल ते त्यांच्याबरोबर बाहेर. सगळं गाव करतं, म्हणून कुंदाबाईंना हा उपाय फार पसंत पडला. यात कुणी त्यांना नावं ठेवू शकत नव्हतं. पुढच्या दाराशी त्यांनी रीतीप्रमाणे दोन डहाळ्या ठेवल्या. मागच्या खोलीच्या दाराशी मात्र अख्खा भारा रचला, एवढा, की आतून कुणाला दार उघडायचं झालं तरी उघडू नये. खोली रिकामी आहे या भरवशावर त्यांनी हे केलं.

दिवस मावळला. पोळा फुटला होता, बैल घरोघरी ओवाळून घेत होते, लांबून घुंगरांचा आवाज येत होता. पुरणपोळ्या झाकून ठेवून कुंदाबाई पियूषची वाट पाहत होत्या. अमावास्या, ढग भरलेले, आणि लाइन गेली. आर्णी एकदम काळीठिक्कर झाली. घुंगरंही कुठेतरी थांबली.

आणि मागून आवाज आला. घर्रर्र.

कुंदाबाई जागच्या जागी थिजल्या. पोरगी तर राळेगावला गेली होती, मग अंगणात कोण? गुळगुळ, गुळगुळ, विहिरीने तो आवाज उचलला आणि खालून परत केला. थू. त्यांना पळावंसं वाटलं. पण पळून जायचं कुठे, पुढच्या दारातून बाहेर पडलं तर पहिलं घर मथुराबाईचं. तिच्यापुढे जाऊन मी भ्याली असं म्हणण्यापेक्षा मेलेलं बरं. शिवाय कोणत्याही क्षणी पियूष येणार होता, आणि हे त्याच्या कानावर पडलं की घर गेलं. कुंदाबाईंनी पोळपाटावरचं लाटणं उचललं आणि मागचं दार उघडलं.

विहिरीपाशी, धुण्याच्या दगडावर, कुणीतरी उकिडवं बसलं होतं. अंधारात त्याचा फक्त चेहरा दिसत होता, कारण तो चेहरा आतून पेटला होता. एक गाल निखाऱ्यासारखा लाल झाला होता. तोंड उघडं होतं, त्यात दात रक्ताने माखलेले, आणि दातांवर लोखंड.

कुंदाबाईंच्या तोंडून शाळेतला आवाज निघाला, आपोआप. "कोण आहे तिथं? उभी राह्य आधी."

ते उभं राहिलं.

"काय पायजे तुले या घरातून? आज सांगून टाक."

"काकू," त्या लाल तोंडातून जडजड आवाज आला, "आरसा धरता काय जरा?"

भुतं आरशात दिसत नाहीत, एवढं कुंदाबाईंनी ऐकलं होतं. लाटणं पुढे धरूनच त्या दोन पावलं सरकल्या. त्या चेहऱ्याने तोंडातून पेटलेला मोबाईल काढला, तेव्हा गाल विझला आणि शाल्मली दिसू लागली.

"तू गावाला गेलती ना?"

"बस चुकली, दुपारी परत येऊन झोपली. अन् उद्या सकाळी यवतमाळला डॉक्टरांकडे जायचंच आहे, म्हणून राह्यली. खोलीतून निघता येईना, दाराशी झाड पडलंय कसलं. खिडकीतून उतरली मी."

झाडाचं नाव निघताच कुंदाबाईंनी लाटणं पाठीमागे धरलं. "अन् तोंडाले हे रक्त?"

"रक्त नाही काकू, गोळी आहे ती." शाल्मलीने मग आ करून दाखवलं. वरखाली दोन्ही ओळींत तारा बसवलेल्या, प्रत्येक दातावर एक चौकोनी टिकली. इथे राहायला आली त्याच आठवड्यात बसवल्या होत्या. कणीस, पेरू, चिक्की चावलं की टिकल्या निघतात, म्हणून बंद. तार गालाला टोचते, तिथे मेणाची गोळी लावायची. वरच्या-खालच्या दातांना ओढ द्यायला रबराच्या कड्या, त्या सारख्या हातातून सांडतात. तारेखाली अडकलेलं काढायला पिळलेल्या तारेचा बारका ब्रश. आणि घर्रर्र करणारं ते बॅटरीवरचं यंत्र दातांच्या फटीत पाण्याची पिचकारी मारतं.

"सुरुवातीला मी नीट घासलंच नाही, दुखायचं म्हणून," ती म्हणाली. "हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं. डॉक्टर संघदीप म्हणाले, पुढच्या वेळेला अशाच दिसल्या तर तारा काढून टाकीन, आधी हिरड्या जगव. अन् ही गोळी दिली. चावली की जिथं मळ राह्यला तिथं लाल होते, बाकीचं धुऊन जाते. मग लाल जाईस्तोवर घासायचं." ती थांबली, आणि तिचा हात सवयीने तोंडाकडे गेला. "काकू, शाळेपासून मी तोंड झाकून हसली. सशाचे दात म्हणत मला. या तारा काढल्या तर परत हिंमत नाही व्हायची माझी."

कुंदाबाईंना एकदम तिची माया आली, आणि स्वतःचा रागही. एवढे दिवस त्या या लेकराला मिरच्यांची धुरी देत होत्या.

"मी तर खोली सोडणार होती," शाल्मली हळूच म्हणाली. "या घरात काहीतरी आहे काकू. माझ्या उंबऱ्यात लिंबू येते. मोहरी पडते. रात्री कोणी बाई काहीतरी पुटपुटत फिरते. मले वाटलं तुम्हाला सांगावं, पण तुम्ही विज्ञानाच्या, हसाल."

"लिंबू सरबताचं होतं, सांडलं असन," कुंदाबाई घाईने म्हणाल्या. "दाखव बरं ती गोळी."

गोळी हातात आल्यावर त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. प्रयोग समोर असताना स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि रोज कडुनिंबाच्या काडीने घासलेल्या आपल्या दातांचा त्यांना मोठा अभिमान होता. "मले एक दे. माझे पाह्य कसे निघतात." त्यांनी गोळी कडकडून चावली, तोंडात घोळवली, थुंकली आणि आरसा धरला. मोबाईलच्या उजेडात जे दिसलं त्याने अभिमान गेला. अख्खं तोंड लालभडक होतं.

"अव माय," कुंदाबाई म्हणाल्या. "एवढे वर्षं मी पोरांची नखं तपासत होती."

शाल्मली हसली. तोंडावर हात न ठेवता, पहिल्यांदाच. मग दोघी दगडावर बसल्या आणि ती कुंदाबाईंना शिकवू लागली, ब्रश हिरडीशी तिरपा धरायचा, दात आणि हिरडीच्या सांध्यावर हळूहळू गोल फिरवायचा, रगडायचं नाही. मोबाईल परत तोंडात धरला, गाल परत पेटला.

पियूष त्याच वेळेला घरात आला. अंधारात आईला हाका मारत तो स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत पोचला. विहिरीपाशी दोन बायका उकिडव्या बसलेल्या, एकीचं डोकं पेटलेलं, आणि दुसरीने वळून लालभडक तोंडाने प्रेमाने म्हटलं, "आलास का रे बाळा?"

पियूषने पुढे काय केलं ते त्याला स्वतःला आठवत नाही. लाइन आली तेव्हा तो शाल्मलीच्या दाराशी, मेढ्यांच्या भाऱ्यात, पालथा सापडला.

पुरणपोळी जेवताना मात्र सगळं मिटलं. शाल्मली पुरणपोळी दुधात कुस्करून खाऊ शकत होती आणि तिने ती चांगली खाल्ली. जेवताना तिने सहज सांगून टाकलं की काकूंचा उजवा डोळा तपासून घ्यायला हवा, आरसा धरताना त्या नुसत्या चाचपडत होत्या. कुंदाबाईंनी तिला टेबलाखालून पाय मारला. पण ती पुढे म्हणाली, "मला महिन्याला यवतमाळला जावंच लागते. काकूंची तारीख माझ्या तारखेला धरू. मीच घेऊन जाईन."

सकाळी शाल्मली पहिल्या एसटीने यवतमाळला गेली. तिच्या तारा राहिल्या, हे इथेच सांगून मोकळं व्हावं. बाहेर गल्लीत मारबतीच्या आरोळ्या सुरू झाल्या होत्या. पियूष ओट्यावर चहा घेत बसला होता.

"पुण्याचं राहू दे आई," तो म्हणाला. "मले वाटे तू इथं एकटी. पण तुम्ही तिघी आहात, तर काळजी नाही."

"तिघी?"

"तू, शाल्मली, अन् त्या आजी. काल विहिरीच्या काठावर पाठमोऱ्या बसल्या होत्या ना, चूळ भरत. त्यांच्याशी बोलायचं राहूनच गेलं. कोण आहेत त्या?"

कुंदाबाईंचा चहा बशीत सांडला. जन्मभर त्यांनी लोकांच्या चुका दुरुस्त केल्या होत्या, बेरजेच्या तर उभ्या उभ्या. त्यांनी पियूषकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा एवढा निवांत दिसला नव्हता.

"जुन्या आहेत इथल्या," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मथुराबाई आपले मेढे काखेत घेऊन दाराशी आली. "बाई, तुमचे मेढे द्या, शिवेवर टाकून येते. घरात काय असन नसन ते जाऊ द्या एकदाचं."

मागच्या अंगणात कुणी नव्हतं. शाल्मली यवतमाळच्या वाटेवर होती, पियूष समोर बसला होता. आणि विहिरीच्या पत्र्याखालून, अगदी सावकाश, चूळ भरल्याचा आवाज आला.

मथुराबाईच्या काखेतले मेढे खाली पडले. कुंदाबाईंनी उठून आपले मेढे उचलले आणि दाराच्या आत, कोपऱ्यात नीट उभे करून ठेवले.

"राहू दे मथुरा," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातलं कोणीच जात नाही कुठं."